पास कधी वाटणार?

भगवानकाका रणपिशांच्या घरी चहा नुसता मिळत नाही. आधी तो जाहीर होतो.

"लक्ष द्या, लक्ष द्या! आलं घातलेला, गवती चहाचा, वाफाळता कप! आपल्याच ओट्यावर! स्टॉक मर्यादित!"

"उचला आणि प्या," मायाकाकू मान वर न करता म्हणतात. "सकाळी सकाळी कानाशी भोंगा नको."

काकूंचं म्हणणं असं, की आईवडिलांना वाटलं पोरीचं लग्न माणसाशी लावतोय. प्रत्यक्षात घरी आला तो लाउडस्पीकर, आणि त्याचं बंद करायचं बटण मांडवातच कुठेतरी पडलं.

कल्याणात गेल्या तीसेक वर्षांत रिक्षातून जे जे ओरडून सांगितलं गेलं, त्यातलं निम्म्याहून जास्त काकांच्या तोंडून गेलंय. सर्कस, चादरींचा सेल, पोलिओचा डोस, उद्या पाणी नाही, परवाही नाही, हरवलेली म्हातारी, सापडलेली म्हातारी, सभा, महासभा आणि सभेला आलेल्यांचे आभार. शब्दाचं शेपूट ते असं ओढतात, की रिक्षा वळून दुसऱ्या गल्लीत शिरली तरी ‘महासेऽऽऽल’मधला ‘ल’ मागच्या चौकातच उभा असतो. आधारवाडीपासून कोळसेवाडीपर्यंत अशी एक शाळा नाही जिथे काकांची नक्कल केली म्हणून कुणी ना कुणी वर्गाबाहेर उभं राहिलेलं नाही.

अंगात स्वस्थपणा म्हणून नाही. उभे राहिले तर टाच हलते, बसले तर गुडघा, आडवे झाले तर ओठ. अशा माणसाला त्या शुक्रवारी दीपमाला टॉकीजच्या तिसऱ्या रांगेत अख्खा पिक्चर बसून बघावा लागला, आणि सबंध वेळ त्यांचं तोंड पडद्याकडे नव्हतं. ते सारखे मागे वळून खुर्च्या बघत होते.

खुर्च्या रिकाम्या होत्या.

पिक्चरचं नाव ‘नळावरचा माणूस’. लेखक मधु शेजवळ यांच्या आयुष्यावरचा. मधुदादा वालधुनीच्या चाळीतले, काकांच्या खोलीपासून चौथ्या खोलीत राहायचे. दिवसा डोंबिवलीच्या रंगाच्या कारखान्यात नोकरी, त्यामुळे बोटं कधी जांभळी, कधी पिवळी. पहाटे नळावर नंबर लावला की बादली उपडी टाकायची, तिच्यावर पॅड ठेवायचं आणि पाणी येईपर्यंत लिहायचं. पाणी आलं की लिखाण बंद. चाळीतल्या बायका म्हणायच्या, मधुभावजींचं पुस्तक जाड व्हायचं असेल तर नगरपालिकेने पाणी उशिरा सोडलं पाहिजे.

भगवानकाका तेव्हा नवीन नवीन माईक धरायला लागलेले. नुसते किंचाळायचे. एकदा मधुदादांनी रिक्षा थांबवून सांगितलं, "भगवान, ओरडतोयस कशाला? बोलाव की. घरातून कुणीतरी जेवायला हाक मारतं ना, तसं." काकांचा सगळा धंदा त्या एका वाक्यावर उभा राहिला. बदल्यात मधुदादांचं कुठे वाचन असलं की काका गल्लोगल्ली बोलावून यायचे. फुकट. बुद्धविहाराचा हॉल, वाचनालयाची वरची खोली, एकदा तर लग्नाचा हॉल, तोही लग्न रद्द झालं म्हणून मिळालेला. काका बोलवायचे, मधुदादांच्या पत्नी रमावहिनी खुर्च्या मांडायच्या, आणि माणसं यायची तीच: दोन मेहुणे, एक साडू, कारखान्यातला फोरमन आणि चाळीतली पोरं, ती बिस्किटांसाठी. संपलं की रमावहिनी पदर खोचून खुर्च्या मिटायच्या. ज्यांच्यावर कुणी बसलंच नव्हतं, त्यासुद्धा.

मधुदादा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. रमावहिनी टिटवाळ्याला मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये राहतात. आणि आता कुणा तरुण दिग्दर्शकाने मधुदादांवर पिक्चर काढलेला, आणि कल्याणात तो लागलेला एका टॉकीजमध्ये, दुपारच्या एका खेळाला.

"सहा," टॉकीजचा मॅनेजर सुमित मध्यंतरात काकांना म्हणाला. सुमित पंचविशीतला, गळ्यात हेडफोन, आणि प्रत्येक वाक्याच्या दाराशी एक इंग्रजी शब्द पहाऱ्याला. "ॲक्च्युअली काका, सहा लोकं. त्यात तुम्ही दोघं. बेसिकली चार. एक तो सेल्समन, एसीसाठी आलाय. एक कपल आहे, त्यांना पिक्चर कुठला लागलाय ते पण माहीत नाही. आणि तो लास्टवाला अंकल राँग स्क्रीनला बसलेला, आता उठून गेला."

"म्हंजे पाच," काकांबरोबर आलेला जगन केणे म्हणाला. "न मी झोपलू व्हतू. मना धरू नको."

जगन काकांचा रिक्षावाला. खाडीकाठच्या गावचा. आजोबा मिठागरात राबायचे. त्याच जमिनीवर आता तीन बिल्डिंगा उभ्या आहेत आणि तिन्हींवर केण्यांचं नाव. तरी हा खाकी शर्ट घालून रिक्षा चालवतो. का, तर, "घरान बसलू तं सुना बोलतान, बाबा, पाय वर घ्या, लादी पुसाची हाय. रिक्षान कोन पाय वर घ्याला सांगत नाय."

संध्याकाळी टिटवाळ्याहून फोन आला.

"भगवान, मी रविवारी येते," रमावहिनी म्हणाल्या. वय ऐंशीच्या पुढे, आवाज मात्र खणखणीत. "पहिल्या दिवशी मुद्दाम नाही आले. पहिल्या दिवशी आपलीच माणसं येतात, ती काय, मी जन्मभर बघितलीत. मला परकी माणसं बघायचीत. आपणहून आलेली. गर्दी आहे ना रे?"

आता इथे एखादा म्हणाला असता, वहिनी, बघू. पण काकांच्या जिभेला ‘बघू’ हा शब्द कधी वळलाच नाही.

"गर्दी? वहिनी, हाऊसफुऽऽल्ल!"

वहिनी हळूच म्हणाल्या, "खरंच?"

त्या ‘खरंच’ने काकांची झोप उडवली. त्यात शंका नव्हती. नवं पातळ कुणी हातात दिल्यावर बाई घडी न मोडता नुसता हात फिरवते, तसं काहीतरी होतं. "आणि ऐक," वहिनी पुढे म्हणाल्या, "मी कोण ते कुणाला सांगायचं नाही. सत्कार-बित्कार नको. शाल आणलीस तर तुझ्याच डोक्याला बांधीन."

काकांनी लगेच सुमितला फोन लावला. सुमित म्हणाला, "काका, ॲक्च्युअली उद्या जरा पब्लिक दिसलं तर संडे ठेवतो. नाहीतर संडेला तिथे साउथचा डब लावायचाय मला. वरून प्रेशर आहे."

"उद्या बघच तू!"

"तेच तर, काका. मी बघणारच आहे. पब्लिकने बघायला पाहिजे."

शनिवारी सकाळी काकांनी जगनच्या रिक्षाला दोन्ही बाजूंनी पोस्टरं बांधली, भोंगा वर चढवला आणि असं काही बोलावलं, की तीस वर्षांत बोलावलं नसेल. "कल्याणकरांनोऽऽ! आपल्या मातीतला माणूस! आपल्या नळावरचा माणूस! ज्याने बादलीवर बसून नाही, बादलीवर ठेवून लिहिलं! माता-भगिनींनो, सहकुटुंब या! आज आणि उद्या, दीपमालाऽऽ!" खडकपाडा झाला, आधारवाडी झाली, कोळसेवाडी झाली. लोक खिडकीत येत होते. लोक हात हलवत होते. एका गॅलरीतून एक बाई ओल्या हातांनी टाळ्या वाजवून म्हणाली, "काका, आम्ही सगळ्या येणार! नावं लिहून ठेवलीत!"

"ऐकलंस?" काका जगनच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले. "नावं लिहून ठेवलीत!"

"आयकला. थाप कमी मार, ह्यांडल हालतंय."

इस्त्रीवाल्याने अंगठा दाखवला. शाळेच्या फाटकावरचा वॉचमन म्हणाला, "नक्की, साहेब." एक आजोबा तर रिक्षाच्या मागे चालत येऊन विचारून गेले, की नातवाला आणलं तर चालेल का. काकांचा गुडघा आनंदाने इतका हलत होता, की रिक्षाचा आरसा थरथरत होता.

दुपारच्या खेळाला तीन माणसं आली.

सुमितने नुसतं दार उघडून आतला अंधार दाखवला. एक खुर्ची, दुसरी खुर्ची, आणि कोपऱ्यात सेल्समन. तोच. "हा मात्र लॉयल आहे," सुमित म्हणाला. "काका, सॉरी. संडेचा काढतोय."

"संध्याकाळपर्यंत थांब."

"काका..."

"सुमित, बाळा, खिडकी बंद होईपर्यंत थांब. लोकांनी शब्द दिलाय मला. तोंडावर."

सुमितने हेडफोन गळ्यातून काढला, पुन्हा घातला. "ओके. संडेच्या मागच्या पाच रांगा. तिकीट काढलेल्या. संध्याकाळपर्यंत. बेसिकली लास्ट चान्स."

काका बाहेर आले आणि फुटपाथवर फेऱ्या मारायला लागले. इकडून पानाच्या टपरीपर्यंत, तिकडून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत. लोक खोटं बोलतात म्हणावं तर सगळेच्या सगळे कसे खोटं बोलतील? त्या ओल्या हातांच्या टाळ्या खोट्या? आजोबा रिक्षामागे चालत आले ते खोटं? आवाज गेला का आपला? त्यांनी टपरीवाल्याला विचारलं, "माझा आवाज कसा आहे?" टपरीवाला म्हणाला, "काका, सकाळी तुमच्या आवाजाने सुपारीची बाटली पडली." म्हणजे आवाज होता.

"आवाज हाय, मान्सा नाय," जगन म्हणाला. "चल, त्या टाल्या वाजवनारीलाच जाऊन इचारू."

टाळ्या वाजवणारी म्हणजे कल्पिता. खडकपाड्याला तिचं पोळीभाजी केंद्र, आणि बचत गटाची ती अध्यक्ष. दोन्ही कामं एकाच वेळी करते: डाव्या हाताने पोळी उलटते, उजव्या हाताने फोनवर कुणालातरी झापते. काकांना बघून तिने फोन खांद्यात धरला.

"या, काका! बरं झालं आलात. यादी तयार आहे, सगळ्यांची नावं. आणलेत?"

"काय?"

"पास."

"कसले पास?"

"अहो, पिक्चरचे! पास कधी वाटणार? मागच्या वेळेस तुम्ही अगदी ऐनवेळी वाटलेले, खूप धावपळ झाली. ह्या वेळी लवकर द्या. आणि काका, खरं सांगा, मध्यंतरात वडापावच आहे का डबा पण आहे? कारण शेजारच्या गटाला कुणी सांगितलंय की स्टीलचा डबा आहे, आणि त्या बायका आत्तापासून आम्हाला दाखवतायत."

काकांचा गुडघा थांबला. पाय थांबले. मायाकाकू तिथे असत्या तर त्यांनी डॉक्टरला बोलावलं असतं.

"कल्पिता, हा पिक्चर तिकीट काढून बघायचा आहे."

कल्पिता हसली. हसताना पोळी करपली. "काय काका! तुमचा आवाज आणि तिकीट? मी लग्न होऊन कल्याणात आले तेव्हापासून ऐकतेय. मराठी पिक्चर, माता-भगिनींनो, सहकुटुंब या, दीपमाला. झालं, पास येणार. तुमचा आवाज आला की आमच्यात कुणी तिकीट काढतच नाही. काढलं आणि दुसऱ्या दिवशी फुकट शो झाला तर घरातले आयुष्यभर बोलून दाखवतील."

ते खरं होतं. आणि ते खरं काकांनीच घडवलेलं होतं. महिपतभाऊ म्हणून एक कार्यकर्ते आहेत. त्यांच्या प्रत्येक बॅनरवर वर्षानुवर्षं ‘भावी नगरसेवक’ असं छापलेलं असतं, आणि ते भावी काही जात नाही. दर मार्चमध्ये, दर दिवाळीत, कधी मनात आलं म्हणून, महिपतभाऊ मराठी पिक्चरचा अख्खा खेळ घेतात, महिलांना मोफत दाखवतात, वर वडापाव. आणि बोलावतं कोण? भगवानकाका. त्याच रिक्षातून, त्याच ‘सहकुटुंब या’ने. मधुदादांनी शिकवलेल्या त्याच जेवायला बोलावल्यासारख्या आवाजाने. जेवायला बोलावल्यावर कोण पाकीट घेऊन जातं?

म्हणजे सकाळभर काकांनी एकेक गल्ली फिरून मधुदादांची तिकिटं विकली नव्हती, बंद केली होती. जो कुणी चुकून गेला असता, त्यालाही घरी बसवलं होतं.

रिक्षात बसल्यावर काका म्हणाले, "जगन, मीच पाडला पिक्चर."

"तू नाय. फुकटचा वरापाव."

"तो पण मीच बोलावलेला."

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. महिपतभाऊ. भाऊंचं एक आहे, त्यांना ‘या ठिकाणी’ म्हटल्याशिवाय श्वास घेता येत नाही.

"भगवान, या ठिकाणी मला सकाळपासून या ठिकाणी बायकांचे फोन येतायत, पास कुठे, पास कुठे. मला या ठिकाणी माहीतच नाही! तुम्ही माझ्या वतीने परस्पर या ठिकाणी जाहीर केलं का?"

"नाही हो भाऊ. तो दुसरा..."

"असू दे, असू दे! चांगलं केलं! उद्याचा शो या ठिकाणी आपण घेऊन टाकू. फुल्ल करू. आणि ऐकतोय की त्या लेखकाच्या मिसेस हयात आहेत. त्यांचा या ठिकाणी सत्कार. शाल, श्रीफळ, माझं पाच मिनिटं मनोगत. काय?"

फोन स्पीकरवर होता, म्हणजे काकांचा फोन कायमच स्पीकरवर असतो. जगनने मागे वळून मान जोरजोरात हलवली. घे, घे.

काकांना दिसलं. खालपासून वरपर्यंत भरलेली टॉकीज. वडापावचा वास. वहिनी दारात, डोळे विस्फारून. त्यांना काय कळणार, कोण तिकीट काढून आलंय आणि कोण पासावर? ‘हाऊसफुल्ल’ म्हटलेलं, हाऊसफुल्ल. शब्द खरा झाला. काकांनी तोंड उघडलं.

आणि मग त्यांना ते ‘खरंच?’ ऐकू आलं.

"भाऊ, नको."

"नको? या ठिकाणी नको?"

"या ठिकाणीच नको."

महिपतभाऊंचा आवाज एकदम साधा, ‘या ठिकाणी’शिवाय. "भगवान, निवडणुका येतायत. रिक्षा बऱ्याच आहेत कल्याणात. आवाजही बरेच आहेत."

फोन ठेवल्यावर जगन कितीतरी वेळ इंजिन नुसतं घुरघुरवत राहिला. "तू येरा हायस," तो शेवटी म्हणाला. "सोन्यासारखा गिऱ्हाईक घालवलास. बरा, मी काय बोलतंय. पाची रांगा मी घेतू. बिल्डिंगींचा भारा कं चाटाला हाय?"

"आणि बसवशील कुणाला?"

"आमची सगली गावकी."

"गावकीला पण तू फुकटच आणणार ना."

जगनने डोकं खाजवलं. मग दोघंही भोंग्याकडे बघायला लागले. संध्याकाळ व्हायला अजून वेळ होता, पण भोंग्यात घालायला आवाज नव्हता. होता तो घातला की बायका यादी करत होत्या.

"तू बोल," काका म्हणाले.

"कोन? मी? मना येतंय का बोलाला?"

"नाही येत. म्हणूनच."

मग कल्याण-डोंबिवलीने त्या संध्याकाळी जे पाहिलं ते असं. रिक्षा जगन चालवतोय. मागच्या सीटवर भगवानकाका, ओठ घट्ट मिटलेले, हात लांब करून माईक जगनच्या तोंडापुढे धरलेला. आणि भोंग्यातून, कुठलंही शेपूट न ओढता, जगनचा खरबरीत आवाज, जणू शेतात शिरलेली गुरं हाकलतोय.

"ओऽ! आयका! मी जगन केने बोलतंय! भगवान मांगं बसलाय, त्याला बोलाची बंदी हाय! पिच्चर हाय नलावरचा मानूस! उद्या दुपारी, दीपमालान! फुकट नाय! परत सांगतंय, फुकट नाय! पास नाय, वरापाव नाय, डबा नाय, कनाचा भाषन नाय! तिकीट काराचा न बघाचा! कसा हाय इचारशाल तं मी काल बघलाय. अर्धा झोपलू. मंग ती बायको भरलेली बादली त्याच्या कागदांवर ओतते तवा जागा झालू, न परत नाय झोपलू! झोपाला जमलाच नाय! बस, येवराच!"

काकांना काय झालं असेल! ‘बघाचा’वर आवाज खाली पाडला, तिथे वर न्यायचा होता. ‘माता-भगिनींनो’ नाही, ‘सहकुटुंब’ नाही, गावाचं नाव नाही. ‘अर्धा झोपलो’ असं कुणी जाहिरातीत सांगतं? तोंड शिवशिवत होतं. टाच, गुडघा, खांदा, सगळं एकदम हलत होतं. माईक जगनच्या दातावर आपटत होता. "हात धर नीट!" जगन माईकमध्येच ओरडला, आणि तेही सबंध रामबागेने ऐकलं.

पण खिडक्यांमधून आता कुणी अंगठा दाखवत नव्हतं. लोक हसत होते. आणि विचारत होते.

"नक्की फुकट नाही ना?"

"नक्की नाय!"

"नंतर कराल फुकट!"

"माज्या आजीची शप्पत नाय!"

"मग आधी सांगायचं ना, माणूस उगाच वाट बघत बसतो," असं म्हणून एकाने गॅलरीतूनच बायकोला हाक मारली, "अगं, नाहीये फुकट! जायचं का?"

पत्रीपुलावरून डोंबिवली करून दोघं परत आले, तेव्हा सुमित टॉकीजच्या पायरीवर उभा होता. हेडफोन हातात.

"काका, तुमचा हा रिक्षावाला काय बोलतोय बाहेर? ॲक्च्युअली एक मॅडम आल्या, म्हणतात, ‘तो माणूस झोपलेला पिक्चर कुठला, त्याची चार द्या.’ एक जण म्हणतो, बादलीवाला पिक्चर. नाव कुणालाच येत नाही. पण बेसिकली..." त्याने मागे खिडकीकडे बघितलं. तिथे सात-आठ माणसं होती. फार नव्हती, पण रांग म्हणता येईल अशी होती. "पाच नाही झाल्या. चार रांगा. पाचवीत थोडे."

काकांनी माईक जगनपुढे धरला. जगनने त्यांच्याकडे बघितलं, मग सुमितकडे. "बोलाची बंदी हाय त्याला. काय ता तूच बोल."

सुमितने सुस्कारा टाकला. "उद्याचा ठेवतो. मंडेला नाही हां. मंडेला साउथ."

रविवारी जगन टिटवाळ्याला जाऊन रमावहिनींना घेऊन आला. निळी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत चष्म्याचं घर आणि लिमलेटच्या गोळ्या. काका पायरीवर उभे होते. रात्रभर त्यांनी एकच गोष्ट घोळवलेली: वहिनींना आधीच सांगून टाकायचं, हाऊसफुल्ल नाहीये. पण वहिनी पायरी चढून वर आल्या, काकांकडे न बघता थेट आतल्या दाराकडे बघितलं, आणि काकांचं तोंड, जे आयुष्यात कधी मिटलं नव्हतं, ते उघडेना.

आत मागच्या चार रांगा भरलेल्या. पाचवी दातपडकी. ऐनवेळी आलेले काही इकडेतिकडे. कल्पिता आपल्या गटातल्या बायकांना घेऊन आलेली, आणि मोठ्याने सांगत होती, "स्वतःच्या पैशाने आलोय, तर रडायचं असेल तर नीट रडा." पुढच्या सगळ्या रांगा रिकाम्या. पडद्यावरचा उजेड त्या खुर्च्यांवर पडला की एकेक खुर्ची ओळीने दिसत होती.

काकांनी वहिनींना पाचव्या रांगेत कडेला बसवलं आणि स्वतः बाहेर पळाले. मग आत आले. मग बाहेर. दरवाजावरचा माणूस म्हणाला, "काका, एक तर आत, नाहीतर बाहेर, एसी जातोय." काका म्हणाले, "जाऊ दे." ते पिक्चर बघतच नव्हते. वहिनींच्या चेहऱ्यावर उजेड पडला की तेवढं बघायचे, आणि तिथे काही वाचता येत नव्हतं.

उत्तरार्धात तो प्रसंग आला. मधुदादांचं पहिलं जाहीर वाचन. पडद्यावर केवढा थोरला हॉल! माणसं खिडक्यांत, माणसं दारात, माणसं जिन्यात. मधुदादा झालेला नट शेवटचा शब्द उच्चारतो आणि सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवतो, मागे व्हायोलिन. टॉकीजमध्ये कुणीतरी नाक ओढलं.

आणि पाचव्या रांगेतून रमावहिनी खदखदून हसल्या.

"अगो बाई!" खणखणीत आवाजात. "एवढी माणसं आणली कुठून?"

मागच्या खुर्चीवरचा माणूस पुढे वाकला. "श्शऽऽ! आजी, बघू द्या!"

काका दारात गारठले. वहिनींनी तोंडावर पदर घेतला. पण त्यांचे खांदे हलत होते, बराच वेळ.

पिक्चर संपला. दिवे लागले. नावं वर सरकायला लागली तशी माणसं उठली, एकमेकांच्या पायांवर पाय देत, फोन चालू करत, "बादलीचा सीन भारी होता ना", "नट कोण रे तो?", "पार्किंगची पावती कुठे ठेवलीस?" करत बाहेर पडायला लागली. वहिनी रांगेच्या कडेला होत्या, उठायला वेळ लागत होता, आणि त्यांच्यामागे गर्दी साचली. एक जाडसा पोरगा घाईत म्हणाला, "आजी, सरका ना जरा, प्लीज." वहिनी सरकल्या. तो धक्का मारूनच गेला.

काका धावत आले. "लागलं का वहिनी? काय ही माणसं! थांबा, मी त्याला..."

"गप रे," वहिनी म्हणाल्या. त्यांनी सवयीने खुर्चीच्या पाठीला हात घातला, मिटायला. बसायचा भाग आपोआप खटकन वर गेला. त्यांनी शेजारची बघितली. तीही मिटलेली. त्याच्या पुढची, त्याच्याही पुढची.

"वहिनी, मी हाऊसफुल्ल म्हणालेलो. ते..."

"बघितलं मी. पुढच्या सगळ्या रिकाम्या होत्या. डोळे अजून आहेत मला." वहिनी दाराकडे बघत होत्या. शेवटची माणसं अजून दारात अडकलेली, कुणीतरी कुणालातरी नावाने हाका मारत होतं. "भगवान, ह्यातलं कोण होतं आपल्या ओळखीचं?"

"कुणी नाही. ती एक कल्पिता, पण ती पण तिकीट काढून आली."

"तो मुलगा मला ओळखत होता?"

"नाही हो. तेच म्हणतोय, त्याला सांगायला पाहिजे होतं, की तुम्ही..."

"सांगितलं असतंस तर बघितलं असतं तुझ्याकडे!" वहिनींनी त्यांच्या दंडाला धरलं. "अरे, इतकी वर्षं ह्यांच्या कार्यक्रमाला मी दारात उभी राहायचे. एकदा तरी कुणी म्हणालं का मला, सरका? सरकायला सांगायला दारात कुणी असायला तर हवं!" आणि त्या पुन्हा हसायला लागल्या, तशाच, पदर तोंडावर घेऊन. "मला सरका म्हणाला, भगवान. धक्का मारून गेला."